प्रकाशजन्य वार्धक्याचा सिद्धान्त आणि त्याची किंमत : अल्बर्ट क्लिग्मन यांच्या संशोधनकार्याची चिकित्सा

सारांश

त्वचेचे वार्धक्य हे केवळ वयाचे फलित नसून त्याचा मोठा भाग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे घडतो, हा विचार वैद्यकात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिग्मन (१९१६-२०१०) यांना दिले जाते. याच संशोधकाचे नाव फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर झालेल्या प्रयोगांशी कायमचे जोडले गेले आहे. प्रस्तुत लेखात क्लिग्मन यांच्या कार्याचे तीन घटक वेगळे करून तपासले आहेत : प्रकाशजन्य वार्धक्याचा सिद्धान्त, ट्रेटिनॉइनचा उपचार आणि त्वचेचा रंग उतरविणारे त्यांचे मिश्रण. या तिघांचे मूल्य सारखे नाही आणि त्यांतील तिसऱ्या घटकाचा कोकणातील दैनंदिन जीवनाशी थेट संबंध येतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. प्रास्ताविक

कणकवली तालुक्यातील तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव. येथून एक रस्ता वैभववाडीमार्गे घाट चढून कोल्हापूरकडे जातो, तर दुसरा विजयदुर्गच्या किनाऱ्याकडे उतरतो. हा परिसर साधारणतः साडेसोळा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे थेट माथ्यावर येतो. ऑगस्टमध्ये तो ढगांआड असतो; मे महिन्यात मात्र आंबा-काजूच्या बागांतील मजूर, समुद्रावरील मच्छीमार, मासळी सुकविणाऱ्या स्त्रिया आणि महामार्गावरील ट्रकचालक हे सारे त्याच्या थेट माऱ्यात असतात. सूर्य आणि त्वचा यांच्या संबंधाविषयीचे कोणतेही संशोधन या प्रदेशाला परके नाही.

असे असूनही या विषयावरील आपले वाचन बहुधा दोन टोकांवर थांबते. एका टोकाला पाठ्यपुस्तकातील अतिनील किरणांचा परिच्छेद असतो आणि दुसऱ्या टोकाला औषधाच्या दुकानातील मलमाची नळी. या दोहोंच्या मध्ये जो संशोधनाचा इतिहास आहे, तो सहसा वाचला जात नाही. तो वाचल्यास असे दिसते की पाठ्यपुस्तकातील विधान आणि दुकानातील नळी या दोन्हींच्या उगमाशी एकच नाव आढळते. क्लिग्मन यांच्या कार्याची चिकित्सा येथे याच कारणासाठी हाती घेतली आहे.

२. सिद्धान्ताची मांडणी

सूर्यप्रकाश आणि त्वचेची झीज यांचा संबंध क्लिग्मन यांच्यापूर्वीही ज्ञात होता. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या त्वचेचे वर्णन केले होते. वर्षानुवर्षे समुद्रावर राहणाऱ्या माणसांचा चेहरा, मान आणि हातांच्या पाठी जाड, खरखरीत व सुरकुतलेल्या होतात, हे त्यांनी नोंदविले. मालवण वा देवगडच्या बंदरावर उभे राहणाऱ्या कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. तथापि हे निरीक्षण एका व्यवसायापुरते मर्यादित राहिले. सर्वसामान्य माणसाच्या सुरकुत्या या वयाच्याच मानल्या गेल्या.

क्लिग्मन यांनी १९६९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा समज बदलला. सूर्यप्रकाशाने होणारी त्वचेची हानी तरुण वयातच सुरू होते, परंतु ती डोळ्यांना दिसू लागण्यापूर्वी दीर्घकाळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसत असते, असे त्यांनी दाखविले. अंतःत्वचेतील लवचीक तंतू जाड होऊन त्यांचे गोळे बनतात, कोलॅजेन घटते आणि रक्तवाहिन्यांची रचना बिघडते. याउलट, वस्त्राखाली झाकलेल्या त्वचेत केवळ वयामुळे होणारे बदल सौम्य असतात. ती पातळ होते, पण तिची घडण तशी विस्कटत नाही. पुढे १९८६ मध्ये लॉरेन क्लिग्मन यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधात त्यांनी या प्रक्रियेची सविस्तर मांडणी केली आणि ‘फोटोएजिंग’ म्हणजे प्रकाशजन्य वार्धक्य ही संज्ञा वैद्यकीय लेखनात स्थिर झाली.

या मांडणीचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. एकाच शरीरावर वय सर्वत्र सारखे असते, ऊन मात्र सर्वत्र सारखे पडत नाही. म्हणून एकाच व्यक्तीचा झाकलेला व उघडा भाग यांची तुलना ही निसर्गानेच मांडलेली तुलना ठरते. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या वाहनचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे मालवाहू गाडी चालविलेल्या या माणसाचा खिडकीकडील डावा गाल उजव्या गालापेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेला होता. खिडकीची काच अल्प तरंगलांबीचे अतिनील-ब किरण बहुतांशी अडविते. ३२० ते ४०० नॅनोमीटरचे अतिनील-अ किरण मात्र तिच्यातून आत येतात आणि अंतःत्वचेपर्यंत पोहोचतात. आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो, एवढाच फरक. महामार्गावरील कोणत्याही थांब्यावर हे निरीक्षण उघड्या डोळ्यांनी पडताळता येण्यासारखे आहे.

३. सिद्धान्ताचे स्वतंत्र पुरावे

संशोधकाचे आचरण आक्षेपार्ह असेल तर त्याचे निष्कर्षही त्याज्य मानावेत काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी लागते : तो निष्कर्ष केवळ त्या संशोधकाच्या पुराव्यावर उभा आहे, की इतरांनीही तो स्वतंत्रपणे पडताळला आहे?

प्रकाशजन्य वार्धक्याच्या बाबतीत उत्तर निःसंदिग्ध आहे. मिशिगन विद्यापीठात गॅरी फिशर, जॉन व्हूरहीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखविले की अतिनील किरणांच्या अल्प मात्रेनेही त्वचेतील कोलॅजेन तोडणारी विकरे सक्रिय होतात. त्याहून महत्त्वाचा पुरावा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यातील नॅम्बूर या लहान नगरातून आला. तेथे ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणी दररोज सनस्क्रीन लावायचे आणि कोणी आपल्या मर्जीप्रमाणे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरविले होते. दररोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेच्या वार्धक्यात मोजण्याजोगी वाढ आढळली नाही. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांची झीज २४ टक्क्यांनी कमी होती.

नॅम्बूरच्या अभ्यासातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, क्लिग्मन यांचा सिद्धान्त बरोबर होता. दुसरी, तो सिद्ध करण्यासाठी तुरुंगाची आवश्यकता नव्हती. आपल्या घरी राहणाऱ्या, आपल्या इच्छेने सहभागी झालेल्या आणि इच्छा नसल्यास बाहेर पडू शकणाऱ्या नागरिकांकडूनही ते ज्ञान मिळू शकते. ‘विज्ञानासाठी ते अपरिहार्य होते’ हा जो बचाव नेहमी केला जातो, तो या एका अभ्यासाने निष्प्रभ होतो.

४. होम्सबर्ग

क्लिग्मन यांनी प्रथम वनस्पतिशास्त्रात, बुरशीच्या अभ्यासावर, डॉक्टरेट मिळविली आणि नंतर १९४७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. बुरशीजन्य त्वचारोगाच्या निमित्ताने १९५१ मध्ये ते होम्सबर्ग तुरुंगात गेले. समोर एकत्र उभे असलेले शेकडो कैदी पाहून आपल्याला केवळ एकरांनी मोजावी अशी त्वचा दिसली, आणि सुपीक शेत प्रथमच पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखे वाटले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी १९६६ मध्ये एका वृत्तपत्राजवळ काढले. अ‍ॅलन हॉर्नब्लम यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या ‘एकर्स ऑफ स्किन’ या ग्रंथाचे नाव याच उद्गारांवरून आले आहे.

१९५१ ते १९७४ या काळात होम्सबर्गमध्ये प्रसाधने, साबण व औषधे यांच्या चाचण्या झाल्या. अमेरिकी सैन्यासाठी मनावर परिणाम करणाऱ्या रसायनांचे प्रयोग झाले. आणि डाऊ केमिकल या कंपनीसाठी डायॉक्सिन या अत्यंत विषारी द्रव्याचे लेप कैद्यांच्या त्वचेवर दिले गेले. यांतील काही कैद्यांना कंपनीने सुचविलेल्या मात्रेच्या शेकडो पट मात्रा देण्यात आली. कैद्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते आणि त्यांतील अनेकजण खटल्याची वाट पाहणारे, म्हणजे अद्याप दोषी न ठरलेले होते. त्यांना पैसे मिळत, आणि ते तुरुंगातील अन्य कामाच्या तुलनेत अधिक असत. जामिनाची रक्कम उभी करू न शकणाऱ्या माणसाने त्या पैशासाठी पाठ पुढे केली, तर तिला संमती म्हणावे काय?

न्यूरेंबर्ग संहिता १९४७ ची आहे आणि हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. होम्सबर्गमधील प्रयोग या दोहोंच्या छायेतच चालू राहिले. ‘त्या काळी असेच चालत असे’ हे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून अंशतः खरे आहे, कारण अमेरिकेतील इतर तुरुंगांतही प्रयोग होत होते. परंतु नियम अस्तित्वात नव्हते असे नाही. ते स्वतःला लागू आहेत असे कोणी मानत नव्हते. १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनविषयक राष्ट्रीय कायदा झाला आणि १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल आला, तेव्हा कुठे ही पळवाट बंद होऊ लागली.

येथपर्यंतचे आक्षेप नैतिक आहेत आणि ते अनेकांनी घेतले आहेत. प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचा वाटणारा आक्षेप शास्त्रीय आहे. त्वचेची हानी आधी होते आणि दिसते पुष्कळ नंतर, हा क्लिग्मन यांच्या सिद्धान्ताचा गाभा. त्वचेवर आज झालेल्या आघाताचे मोजमाप वीस-तीस वर्षांनीच पूर्ण होते, हे त्यांच्याइतके अन्य कोणाला ठाऊक नव्हते. असे असता, ज्या माणसांच्या त्वचेवर त्यांनी रसायने लावली त्यांचा पुढील मागोवा घेतला गेला नाही. आणि प्रयोग बंद झाल्यानंतर त्यांच्या नोंदीही नष्ट करण्यात आल्या. ज्या संशोधकाने वैद्यकाला ‘नंतर’ पाहण्यास शिकविले, त्याने आपल्या प्रयोगाधीन माणसांचे ‘नंतर’ पाहिले नाही. हा केवळ करुणेचा अभाव नाही. तो त्यांच्याच पद्धतीशी केलेला विसंवाद आहे. संमती, नोंद आणि पाठपुरावा यांना आपण नीतीच्या सदरात टाकतो, पण ती संशोधनपद्धतीचीच अंगे आहेत, हे येथे स्पष्ट होते.

५. सुरकुतीची बाजारपेठ

ट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व ‘अ’ पासून मिळणारे आम्ल. मुरुमांवर त्याचा उपयोग होतो, हे क्लिग्मन व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखविले. तेच द्रव्य प्रकाशजन्य वार्धक्यावरही परिणाम करते, असे त्यांनी १९८६ मध्ये मांडले. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील गटाने ३० व्यक्तींवर १६ आठवडे केलेल्या तुलनात्मक चाचणीत त्यास पुष्टी मिळाली. या चाचणीचे निष्कर्ष वृत्तपत्रांतून गाजले, मागणी प्रचंड वाढली आणि १९९५ च्या अखेरीस सुरकुत्यांसाठी या द्रव्याच्या मलमास अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली. दरम्यान पेटंटच्या उत्पन्नावरून विद्यापीठ आणि क्लिग्मन यांच्यात न्यायालयीन वादही झाला.

उपचार म्हणून ट्रेटिनॉइनचे स्थान टिकून आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु येथे सिद्धान्ताचा रोख बदलला, हे नोंदविले पाहिजे. १९६९ च्या निबंधाचा व्यावहारिक अर्थ होता : ऊन टाळा, सावली शोधा, अंग झाका. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. १९८८ नंतरचा अर्थ झाला : झालेली हानी नळीतून भरून काढा. औषध व प्रसाधन यांच्यामधील ‘कॉस्मेस्युटिकल’ ही संज्ञाही क्लिग्मन यांनीच प्रचारात आणली. प्रतिबंधाचे शास्त्र दुरुस्तीच्या व्यापारात रूपांतरित होताना त्याचा जनक उपस्थित होता, एवढेच नव्हे तर त्याने त्या वाटेस नावही दिले.

६. कोणाची त्वचा?

क्लिग्मन यांच्या मांडणीत वार्धक्याची मुख्य खूण सुरकुती ही आहे. ही गोऱ्या त्वचेची खूण होय. क्लिग्मन ज्याचे एक सहलेखक होते, त्या १९७९ च्या अभ्यासात कृष्णवर्णीय बाह्यत्वचेचा अतिनील-ब किरणांपासून संरक्षण देणारा सरासरी गुणांक १३.४ आणि गौरवर्णीय बाह्यत्वचेचा ३.४ आढळला होता. याचा अर्थ असा की सावळ्या त्वचेत अंतःत्वचेपर्यंत किरण कमी पोहोचतात, सुरकुत्या उशिरा येतात. उन्हाचा परिणाम प्रथम रंगात दिसतो. डाग, असमान वर्ण आणि आपण ज्याला वांग म्हणतो तो गालावरील काळपटपणा, ही आपल्याकडील उन्हाची लिपी आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्या १९७५ च्या सुप्रसिद्ध वर्गीकरणातही प्रथम गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते. तपकिरी व काळ्या त्वचेचे प्रकार मागाहून जोडले गेले. मधू पाठक व सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या ‘सनलाइट अँड मॅन’ (१९७४) सारख्या ग्रंथांनी दृष्टी व्यापक केली, तरी सुरकुतीचे केंद्रस्थान हलले नाही.

सावळ्या त्वचेकडे क्लिग्मन वळले ते तिचा रंग काढण्याच्या प्रश्नाच्या निमित्ताने. १९७५ मध्ये त्यांनी आणि आयझॅक विलिस यांनी हायड्रोक्विनोन ५ टक्के, ट्रेटिनॉइन ०.१ टक्का आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का अशा मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. काही आठवडे दररोज लावल्यास निरोगी काळ्या त्वचेचाही रंग उतरतो, असे त्यांना आढळले. वांगावर हे मिश्रण उपयुक्त ठरले आणि वैद्यकात ते क्लिग्मन यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मर्यादित काळ वापरण्यासाठी ते योग्य औषध आहे.

भारतात मात्र त्याचा प्रवास वेगळा झाला. येथे प्रचलित झालेल्या मिश्रणात हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइनचे प्रमाण कमी करून डेक्सामेथासोनच्या जागी मोमेटासोन हे त्वचेवर अधिक तीव्र असे स्टेरॉइड आले, आणि ते ‘गोरे करणारे क्रीम’ म्हणून दुकानातून थेट घरात गेले. देशातील १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचाविकाराच्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडयुक्त मलम वापरत होते. त्यांपैकी २९ टक्के ते गोरेपणासाठी अथवा सर्वसाधारण क्रीम म्हणून लावत. ५९ टक्क्यांना ते डॉक्टरव्यतिरिक्त अन्य कोणी सुचविले होते. आणि ९० टक्क्यांहून अधिक जणांत दुष्परिणाम आढळले. चेहरा लाल होणे, मुरुम, केस वाढणे, त्वचा पातळ होणे आणि मलम थांबविताच दाह उसळणे, असे हे चक्र असते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत घातली. तथापि नियमाची वाट लांब असते आणि दुकान जवळ असते.

यातील विपर्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. मेलॅनिन हे निसर्गाने दिलेले संरक्षण असल्याचे ज्या संशोधकाने आकड्यांनी दाखविले, त्याच्याच नावाच्या मिश्रणाची नक्कल ते संरक्षण उतरविण्यासाठी वापरली जाते. आणि तेही मे महिन्यात सूर्य माथ्यावर येणाऱ्या प्रदेशात. आपल्या महाविद्यालयांतील मुली ज्या वयात हे मलम लावू लागतात, तेच वय १९६९ च्या निबंधानुसार अदृश्य हानी सुरू होण्याचे वय आहे.

७. क्षमायाचना आणि आपली वर्गखोली

होम्सबर्गमधील सुमारे ३०० माजी कैद्यांनी २००० मध्ये केलेला दावा मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ मध्ये, फिलाडेल्फिया नगर प्रशासनाने २०२२ मध्ये आणि फिलाडेल्फियाच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०२३ मध्ये क्षमा मागितली. क्लिग्मन यांना जाऊन तोवर एका तपाहून अधिक काळ लोटला होता. अनेक कैदीही हयात नव्हते. हयातीत क्लिग्मन यांनी खेद व्यक्त केला नाही.

हा सारा इतिहास दूरदेशीचा म्हणून बाजूस ठेवता येईल. परंतु आपल्या महाविद्यालयांतील लघुसंशोधन प्रकल्पांत ‘नमुना’ म्हणून कोण असते, याचा विचार केला तर तो जवळ येतो. प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात त्या आपल्याच विद्यार्थ्यांकडून. हिमोग्लोबिन मोजले जाते ते आपल्याच वर्गातील मुलींचे. अंतर्गत गुण ज्याच्या हातात आहेत त्या शिक्षकाने ‘इच्छा असेल तरच’ असे म्हटल्यावर विद्यार्थी किती मोकळा असतो? वर्गखोली म्हणजे तुरुंग नव्हे, हे खरे. तथापि ‘सहज उपलब्ध’ माणसे पाहून संशोधकाच्या मनात उठणारा आनंद दोन्हीकडे एकाच जातीचा असू शकतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० पासून आणि अलीकडे २०१७ मध्ये सुधारून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे अशा दुबळ्या स्थितीतील सहभागींचा विशेष उल्लेख करतात. ती केवळ वैद्यकीय महाविद्यालयांसाठी आहेत, असे मानणे सोयीचे असले तरी योग्य नाही.

८. निष्कर्ष

(१) प्रकाशजन्य वार्धक्याचा सिद्धान्त स्वतंत्र व संमतीपूर्वक केलेल्या अभ्यासांनी सिद्ध झाला असल्याने तो स्वीकारार्ह आहे. त्याचा आधार आता होम्सबर्ग हा नाही.

(२) ट्रेटिनॉइनचा उपचार उपयुक्त असला तरी त्याने प्रतिबंधाचा मूळ संदेश झाकोळला. उन्हात राबणाऱ्या माणसासाठी सकाळ-सायंकाळच्या कामाच्या वेळा, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे वस्त्र आणि कामाच्या जागी सावली हीच पहिली उपाययोजना होय.

(३) रंग उतरविणाऱ्या मिश्रणाचा अनिर्बंध वापर ही आपल्या परिसरातील खरी हानी आहे. याविषयी विद्यार्थ्यांशी बोलणे हे केवळ डॉक्टरांचे काम नाही. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला ते नळीवरील घटकांच्या यादीवरूनही करता येईल.

(४) ज्यांच्या त्वचेवरून हे ज्ञान आले त्यांचा उल्लेख त्या ज्ञानाबरोबर झाला पाहिजे. प्रकाशजन्य वार्धक्य शिकविताना होम्सबर्गचे नाव न घेणे म्हणजे पुराव्याचा अर्धा भाग गाळणे होय.

क्लिग्मन यांचे मूल्यमापन करताना श्रेय आणि दोष यांची वजाबाकी करून एक उत्तर काढण्याचा मोह होतो. तसे उत्तर निघत नाही. त्यांचा सिद्धान्त वापरायचा आणि त्याच सिद्धान्ताच्या कसोटीवर, म्हणजे दीर्घकाळानंतर उमटणाऱ्या परिणामांच्या कसोटीवर, त्यांचे वर्तन तपासायचे, एवढेच चिकित्सकाच्या हाती उरते.